श्रीलंकेला कधी जावं? त्याआधी कुठे जायचं ते ठरवा

आमची श्रीलंकेची पहिली सहल मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाली. पॅकेज स्वस्त होतं आणि मुलांना सुट्टी होती. नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या बेंटोटाला चार रात्री ठरल्या होत्या. चारही दिवस समुद्र गढूळ आणि खवळलेला, वाळूत लाल बावटा, आणि दिवसभर पावसाची झड. मुलं खिडकीशी बसून होती. तिसऱ्या दिवशी आमच्या गाडीच्या चालकाने त्रिंकोमालीला आपल्या घरी फोन लावला. तिकडे कडक ऊन होतं आणि समुद्र तळ्यासारखा शांत होता. त्रिंकोमाली त्याच बेटाच्या पूर्वेला, गाडीने जेमतेम सहा तासांवर आहे. बुकिंग करताना हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं आणि विचारायला हवं हे आम्हालाही कळलं नव्हतं.

त्यानंतर मी दोनदा श्रीलंकेला जाऊन आले, एकदा ऑगस्टमध्ये पूर्वेला आणि एकदा फेब्रुवारीत दक्षिणेला. दोन्ही वेळा हवेने उत्तम साथ दिली, कारण महिना आणि किनारा यांची जोडी जमली होती. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी तो सगळा हिशेब इथे क्रमाने मांडते.

१. नकाशा समोर घ्या आणि बेटाचे दोन भाग पाडा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं. एवढ्याशा देशात हवा वेगळी ती किती असणार, असं वाटतं. पण बेटाच्या मधोमध, थोडं दक्षिणेकडे, डोंगर उभे आहेत. सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला २,५२४ मीटरचं आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ९०० मीटर उंच. सगळा खेळ या डोंगरांचा आहे.

सह्याद्री पाहिलेल्याला हे लगेच समजेल. महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असतं, तेव्हा माणदेशात ढगांची नुसती सावली सरकत जाते. श्रीलंकेत तसंच होतं, फक्त तिथे वारे दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा वारा कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो आणि पूर्व बाजू पर्जन्यछायेत राहते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारा येतो. तेव्हा त्रिंकोमाली, बट्टीकलोआ भिजतात आणि नैर्ऋत्य किनारा कोरडा, निळा होतो.

नैर्ऋत्येचा हा वारा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरतो तेव्हा कोरडा आणि गरम झालेला असतो. तिकडे त्याला ‘कच्चान’ म्हणतात. ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीत मी तो दुपारी अंगावर घेतला आहे; विदर्भातल्या झळांची आठवण झाली.

पावसाच्या प्रमाणावरून देशाचे ओला पट्टा, मधला पट्टा आणि कोरडा पट्टा असे तीन भाग मानतात. ओल्या पट्ट्यात वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोरड्यात १,७५० च्या खाली. कोरडा पट्टा नैर्ऋत्य कोपरा सोडून जवळजवळ सगळीकडे पसरला आहे. अनुराधापूर, पोलोन्नारुवा, सिगिरिया, जाफना, ‘याला’ नावाचं अभयारण्य हे सगळं त्यात येतं. म्हणून तर तिथल्या राजांनी हजारो तलाव बांधले. त्यांना तिथे ‘वेवा’ म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांवर आजही भातशेती चालते.

२. आपले तीन ऋतू बाजूला ठेवा, तिथले चार हंगाम लक्षात घ्या

हिवाळा-उन्हाळा-पावसाळा ही मोजपट्टी तिथे चालत नाही. विषुववृत्त जवळ असल्याने किनाऱ्यावर बारा महिने २६ ते ३२ अंश तापमान असतं. थंडी उंचीमुळे लागते, महिन्यामुळे फारशी नाही. फरक पडतो तो पावसाने आणि वाऱ्याने.

*मार्च-एप्रिल.* पहिला मधला काळ, म्हणजे दोन मोसमी पावसांच्या मधला. वारा पडलेला, उकाडा जास्त. सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग जमून गडगडाटासह पाऊस. हा आपला वळीवच. समुद्र बहुतेक सगळीकडे शांत.

*मे ते सप्टेंबर.* नैर्ऋत्य मोसमी पाऊस. केरळात तो साधारण १ जूनला पोचतो, श्रीलंकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात त्याच्या काही दिवस आधी.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर.* दुसरा मधला काळ. पुन्हा दुपारचा गडगडाट, पण या वेळी बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि कधी चक्रीवादळं त्यात भर घालतात. पाऊस जवळजवळ सगळ्या बेटावर असतो.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* ईशान्य मोसमी पाऊस. उत्तर आणि पूर्व ओली. जोर डिसेंबरात, जानेवारीच्या मध्यानंतर ओसरत जातो.

आता आकडे पाहा, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. कोलंबोत मे महिन्यात सरासरी सुमारे ३९० मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत सुमारे १२० आणि नोव्हेंबरात ४०० च्या वर. जून ते ऑगस्ट म्हणजे कोलंबो बुडालेलं असणार, हा समज आपण मुंबईवरून करून घेतो. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्या मानाने कोलंबोचा जुलै म्हणजे मधूनमधून येणाऱ्या सरी. तिथे शहर बघायला जुलैत काहीच अडचण नाही. अडचण समुद्राची आहे, कारण पाऊस कमी असला तरी वारा आणि लाटा तशाच असतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होड्या समुद्रात घालत नाहीत, ते आठवा. तोच वारा तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळत असतो.

३. तुमची सुट्टी कधी आहे, त्यावरून बेटाचा भाग निवडा

महिना निवडायची मोकळीक असेल, तर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. दक्षिण आणि पश्चिम किनारा, डोंगर, सिगिरिया-अनुराधापूरचा पट्टा हे सगळं एका फेरीत चांगल्या हवेत मिळतं. निवृत्त झालेल्यांना आणि लहान मुलं अजून शाळेत जायची असलेल्या घरांना मी हेच सांगते. शाळेच्या वेळापत्रकात अडकलेल्यांसाठी मात्र पुढचं वाचा.

*दिवाळीची सुट्टी.* आपल्याकडे सर्वाधिक विचारणा याच काळासाठी होते आणि हवेच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत बेभरवशाचा. या दिवसांत ‘कोणता किनारा’ या प्रश्नाला खात्रीचं उत्तर नसतं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर ‘डिटवा’ चक्रीवादळ आलं. शेकडो माणसं दगावली, कँडी, नुवरा एलिया, बदुल्ला भागात दरडी कोसळल्या, डोंगरातला लोहमार्गही जागोजागी खचला. दर वर्षी असं होत नाही, पण घरातली वयस्कर माणसं आणि लहान मुलं घेऊन या दिवसांत डोंगरात मुक्काम ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीतच जायचं असेल, तर कोलंबो, गॉलचा किल्ला, कँडीचं दंतमंदिर (तिथे मुक्काम न ठेवता), दांबुल्लाची लेणी अशा ठिकाणांवर भर द्या आणि समुद्रस्नान सहलीच्या केंद्रस्थानी ठेवू नका.

*नाताळ ते मकरसंक्रांत.* नैर्ऋत्य किनाऱ्याचा बहर. बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, मिरिस्सा या किनाऱ्यांवर पोहायला पाणी छान. याच दिवसांत युरोपातून पर्यटक येतात, त्यामुळे दर चढे असतात. तीन-चार महिने आधी बुकिंग करा. पूर्व किनारा टाळा. सिगिरियाच्या बाजूला अधूनमधून पाऊस असतो, एखादा दिवस हाताशी राखून ठेवा.

*एप्रिलची अखेर ते मेचा पहिला आठवडा.* परीक्षा संपल्यावर लगेच निघू शकणाऱ्यांना हा काळ चांगला आहे, आणि तो फारसा कोणी सुचवत नाही. उकाडा आहे, दुपारी वळीव आहे, पण पूर्वेचा निलावेली आणि पासिकुडाचा समुद्र उघडलेला असतो आणि मोठी गर्दी नसते. मेच्या मध्यानंतर जात असाल तर पश्चिम किनाऱ्याचं नाव काढू नका, थेट पूर्वेला जा. आम्ही नेमकं हेच चुकलो होतो.

*ऑगस्ट.* स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी मिळत असेल तर हा महिना हातचा घालवू नका. सिगिरिया, पोलोन्नारुवा, मिनेरियाचे हत्ती, त्रिंकोमालीचा समुद्र आणि जमलं तर कँडीचा पेराहेरा, म्हणजे हत्तींची रात्रीची मिरवणूक, हे सगळं एका रेषेत येतं. माझ्या तिन्ही फेऱ्यांतली सर्वांत भरलेली फेरी हीच.

४. प्रत्येक ठिकाणाचं स्वतःचं वेळापत्रक तपासा

*नुवरा एलिया आणि डोंगर.* नुवरा एलिया सुमारे १,८७० मीटरवर आहे, सरासरी तापमान १६ अंशांच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे कधी दहिवर गोठून चहाच्या मळ्यांवर हिम दिसतं. सीता एलियाच्या देवळासाठी आपल्याकडच्या रामायण सहली इथे येतात आणि पुष्कळजण कोलंबोच्या उकाड्यातले सुती कपडे घालून गाडीतून उतरतात. स्वेटर हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. सर्वांत कोरडे दिवस जानेवारीअखेर ते मार्च.

*हॉर्टन प्लेन्स.* डोंगरातल्या या पठारावरचा ‘वर्ल्ड्स एंड’ कडा ८०० मीटरहून खोल आहे. सकाळी नऊ-साडेनऊनंतर खालून धुकं चढतं आणि दरी दिसेनाशी होते. म्हणून पहाटेच निघा. नाश्ता बांधून द्यायला आदल्या रात्री सांगा.

*श्रीपाद, म्हणजे ॲडम्स पीक.* या पवित्र शिखरावरच्या यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत. उंची २,२४३ मीटर, पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास. यात्रेच्या दिवसांत वाटेवर रात्रभर दिवे आणि चहाच्या टपऱ्या असतात. इतर महिन्यांत अंधार, वारा, पाऊस आणि निसरड्या पायऱ्या. तेव्हा एकट्याने जाऊ नका.

*सिगिरिया.* या कातळावरच्या प्राचीन किल्ल्यावर चढायला सुमारे १,२०० पायऱ्या. कातळ तापतो, म्हणून दरवाजे उघडताच चढा किंवा दुपारी साडेतीननंतर. मार्च-एप्रिलात दुपारची वेळ घेऊ नका. उघड्या कातळावर विजांचा धोका खरा आहे.

*हत्ती आणि बिबटे.* इथे कोरडा काळच हवा, कारण पाणी आटलं की जनावरं उरलेल्या पाण्यापाशी येतात. मिनेरियाचा तलाव ओसरला की काठावर कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हत्तींचे कळप तिथे जमतात. तलावात पाणी जास्त राहिलं तर ते शेजारच्या कौडुल्लाकडे वळतात. म्हणून जीप ठरवताना ‘मिनेरियाच हवं’ असा हट्ट धरू नका, ‘आज हत्ती कुठे आहेत?’ एवढंच विचारा. बिबट्यांसाठी ‘याला’ अभयारण्य फेब्रुवारी ते जुलै उत्तम. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा मुख्य विभाग बहुधा बंद असतो; त्या दिवसांत उडवलावेला जा, तिथे हत्ती वर्षभर दिसतात.

*देवमासे.* मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबरमध्ये तिथून कोणी बोट काढतो म्हणाला, तरी नको म्हणा. समुद्र खवळलेला असतो.

*सिंहराजा.* हे पर्जन्यवन आहे, इथे कोरडा महिना असा नसतोच. त्यातल्या त्यात जानेवारी ते मार्च. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे मिळतात, ते घ्या.

५. हवा चांगली, पण सगळं बंद! सुट्ट्या तपासायला विसरू नका

दर पौर्णिमेला श्रीलंकेत ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद, मांसाची दुकानं बंद, देवळांत गर्दी. आपल्या कॅलेंडरवरची पौर्णिमा अंदाजाला पुरते, नेमकी तारीख तिथल्या सुट्ट्यांच्या यादीत बघा. मेमधली वैशाख पौर्णिमा मात्र मुद्दाम गाठावी अशी असते. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात आणि ‘दन्सल’ नावाच्या मांडवांत येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवायला वाढतात. वारीच्या वाटेवरची अन्नछत्रं आठवतात.

१३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष. दोन-तीन दिवस दुकानं, उपाहारगृहं बंद असतात आणि बसगाड्यांत जागा मिळत नाही. एप्रिलमध्ये नुवरा एलियात तिथल्या लोकांचाच ‘सीझन’ असतो. कोलंबोच्या उकाड्याला कंटाळलेली कुटुंबं वर येतात, खोल्यांचे दर भरमसाट वाढतात.

कँडीचा पेराहेरा जुलै-ऑगस्टमध्ये दहा रात्री चालतो. शेवटच्या दोन-तीन रात्रींच्या खुर्च्या आणि खोल्या फार आधी संपतात. पहिल्या रात्रींना गर्दी कमी आणि तरीही हत्ती, मशाली, ढोल सगळं मनसोक्त पाहता येतं.

६. रोजचा दिवस सकाळी लवकर सुरू करा

मधल्या काळात जात असाल, तर बाहेरचं सगळं दुपारी एकच्या आत उरका. सहा वाजता निघणं मुलांना कठीण जातं, पण दुपारी तीन वाजता पाऊस धरला की तेव्हा हातात काही राहत नाही. दुपारी संग्रहालय, चहाचा कारखाना किंवा नुसती झोप. रात्री पुन्हा आकाश मोकळं होतं.

दोन किनारे एकाच सहलीत बसवू नका. सात दिवसांत गॉल, नुवरा एलिया, सिगिरिया आणि त्रिंकोमाली असा कार्यक्रम कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात घाटातले रस्ते अरुंद आहेत, अर्धे दिवस गाडीत जातात आणि एक किनारा बहुतेक वेळा भिजलेलाच सापडतो.

७. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेपासून किमान ६ महिने मुदत असलेला
- ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी. शुल्क आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, दोन्ही छापील
- प्रवास विमा. त्यात खराब हवामानामुळे रद्द झालेलं विमान आणि वैद्यकीय खर्च येतो का, ते वाचून घ्या
- हॉटेलच्या रद्द करण्याच्या अटी. ऑक्टोबर ते डिसेंबर जात असाल तर पैसे परत मिळणारंच बुकिंग करा, थोडं महाग पडलं तरी

८. सामान

पातळ सुती कपडे, एक स्वेटर, छत्री. किनाऱ्यावर रेनकोटात घामाने भिजायला होतं, तो डोंगरासाठीच ठेवा. देवळांत आणि स्तूपांपाशी खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात आणि अनवाणी चालावं लागतं. भर दुपारी अनुराधापूरच्या दगडी फरशीवर पाय भाजतात. सोबत मोजे ठेवा, ते चालतात. डास पळवणारं मलम विसरू नका, दोन्ही पावसाळ्यांच्या मागोमाग डेंग्यू वाढतो. बऱ्याच ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, त्यासाठी ॲडॅप्टर घ्या. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच आहे.

९. निघण्याआधी आठवडाभर अंदाज कसा वाचायचा

मोबाइलवर नुसतं ‘श्रीलंका हवामान’ शोधलं की बहुतेकदा कोलंबोचा अंदाज समोर येतो. तो त्रिंकोमालीला लागू नाही, नुवरा एलियालाही नाही. गावाच्या नावाने शोधा. सलग सात दिवस विजेचं चिन्ह दिसलं म्हणून सहल रद्द करू नका. तासावार अंदाज उघडा. पाऊस दुपारी दोन ते सहाच्या दरम्यानच दिसत असेल, तर तो वळीव आहे आणि सकाळ तुमची आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत सारखा दिसत असेल आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी असेल, तर डोंगरातला मुक्काम पुढे ढकला.

श्रीलंकेचा हवामान विभाग रोज सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत अंदाज देतो. दरडींचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था जिल्ह्यानुसार देते: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे निघायची तयारी ठेवा, लाल म्हणजे जागा सोडा. नुवरा एलिया, बदुल्ला, कँडी, केगाल, रत्नपुरा या जिल्ह्यांत मुक्काम असेल तर हे इशारे रोज सकाळी पाहा. नारिंगी इशारा लागला की मी तरी थांबणार नाही, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी.

हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवा: आपत्ती व्यवस्थापन केंद्र ११७, पोलीस ११९, रुग्णवाहिका १९९०. आणि घाट चढायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकांना फोन करून विचारा, ‘रस्ता सुरू आहे का, आज दुपारी किती वाजता पाऊस आला?’